गिधाडं, नेक्रोमॅन्सर आणि उघड्यावरची प्रेतं : कॅम्पेनच्या जगात गिधाडांना खरं काम द्यायचं तर?

विसाचा_फासा

आमच्या पुण्यातल्या गटाच्या पुढच्या कॅम्पेनसाठी (अनेक बैठकींत चालणाऱ्या खेळकथेसाठी) नवीन जग बांधतोय. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे (2014 चे), जग मात्र संपूर्ण घरचं. दख्खनसारखं पठार, काळे कातळकडे, उन्हाळ्यात आटणाऱ्या नद्या आणि दोन राज्यांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं युद्ध. अशा मुलखात गिधाडं असणारच.

खेळातल्या प्राण्या-राक्षसांचं पुस्तक, मॉन्स्टर मॅन्युअल, उघडलं तर काय मिळतं? साधं गिधाड : 5 हिट पॉइंट, चॅलेंज रेटिंग (शत्रू किती अवघड ते) 0. जायंट गिधाड : 22 हिट पॉइंट, रेटिंग 1, अलाइनमेंट न्यूट्रल ईव्हिल. बुद्धी आहे, पण दुष्ट. कोणी जखमी दिसला की त्याला संपवायलाच येतं. त्याच्या वर व्रॉक, गिधाडतोंड्या राक्षस, रेटिंग 6, किंचाळून पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) सुन्न करतो, अंगातून विषारी बीजाणू उडवतो. तिन्ही ठिकाणी गिधाड म्हणजे घाण नाहीतर सैतान.

हे मला अजिबात पटत नाही, कारण खेळाचेच नियम उलटं सांगतात. ॲनिमेट डेड हा प्रेत उठवायचा मंत्र वाचा. मध्यम किंवा लहान आकाराच्या ह्युमनॉइडचं प्रेत असेल तर झोंबी उठतो, नुसती हाडं असतील तर सांगाडा. म्हणजे नेक्रोमॅन्सरला (प्रेतं उठवणाऱ्या जादूगाराला) कच्चा माल लागतो आणि तो माल त्याच्या हाती पडण्याआधी साफ करणारा पक्षी आकाशात फिरतोय. अशा जगात लढाई संपल्यावर गिधाडं उतरली की गावकऱ्यांनी हुश्श करायला हवं. आयाबायांनी पोरांना दाखवायला हवं, की बघ, आली, आता रात्री कोणी उठून येणार नाही.

मग प्रश्न असा, की ज्या वर्षी ती येत नाहीत त्या वर्षी काय होतं? हेच कॅम्पेनचं बीज धरलंय. पक्षी बघणारे, पोथ्या वाचणारे, खेळणारे, सगळ्यांनी भर घाला.

ढालकरी

कल्पना आवडली. पण माझ्यासारख्या फायटर खेळणाऱ्यांचाही विचार करा. सगळी गिधाडं पूजनीय करून ठेवलीत तर टेबलावर लढायचं कशाशी? जायंट गिधाडाला पॅक टॅक्टिक्स (जोडीदार जवळ असला की हल्ल्यात फायदा) आहे, 60 फूट उडतं, दरीच्या अरुंद वाटेवर चारपाच आली तर तिसऱ्या लेव्हलची पार्टीही घामाघूम होते. तो थरार काढून टाकू नका.

कडेकपारी

रायगड जिल्ह्यात बरीच वर्षं गिधाडांची घरटी पाहत आलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. यातली प्रत्येक गोष्ट टेबलावर नियम म्हणून वापरता येईल.

पहिली गोष्ट वेळेची. गिधाड जड पक्षी. पंख मारत दिवसभर उडणं त्याला परवडत नाही, ते तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर तरंगतं. त्यामुळे सकाळी ऊन चढेपर्यंत ती कड्यावर नाहीतर झाडावर पंख पसरून बसलेली असतात. ढगाळ, पावसाळी दिवशी तर त्यांचे हालच. म्हणजे तुमच्या नेक्रोमॅन्सरला संध्याकाळ ते दुसऱ्या दिवशीची सकाळ एवढा वेळ मोकळा मिळतो. रात्री झालेली लढाई ही त्याची पर्वणी. शहाणा सेनापती पहाटे लढाई सुरू करून दुपारच्या आत संपवेल, म्हणजे मेलेल्यांची व्यवस्था उजेडी लागेल.

दुसरी गोष्ट, गोष्टींमध्ये हमखास दिसणारं चित्र : वर गिधाडं घिरट्या घालताहेत म्हणजे खाली कोणी मेलंय. बहुतेक वेळा तसं नसतं. घिरट्या म्हणजे वर चढणारी हवा सापडली आहे, एवढंच. खाली मेलेलं जनावर असेल तर गिधाड पाय सोडून, पंख आवळून सरळ खाली येतं. आणि एक उतरलं की मैलभरावरचं दुसरं ते बघतं, त्याला बघून तिसरं. आकाशभर ताणलेलं जाळंच असतं ते. रेंजरने (रानात वावरणाऱ्या पात्राने) सर्व्हायव्हलचा फासा टाकला आणि तो चांगला पडला, तर त्याला हा फरक कळला पाहिजे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. पिल्लू उडायला महिने लागतात आणि त्याची स्वतःची वीण सुरू व्हायला पुढे चारपाच वर्षं. म्हणजे आज पार्टीने एक्सपीसाठी (अनुभवाच्या गुणांसाठी) कड्यावरची दहा गिधाडं मारली, तर ती जागा तुमच्या कॅम्पेनच्या काळात भरून येणार नाही. ढालकरी, लढा, जरूर लढा, पण डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) त्याचा हिशोब ठेवावा.

राहण्याच्या जागाही वेगळ्या दाखवा. लांब चोचीचं गिधाड कड्यांच्या कपारीत घरटं करतं, पांढऱ्या पाठीचं उंच झाडांवर. आमच्याकडे कोकणात ते नारळावरसुद्धा करतं. एका गावाने वाडी तोडली तर त्या गावाची गिधाडं गेली.

ऑस्टिनकर

नियमातल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधते. साध्या गिधाडाला पुस्तकात नजर आणि वास दोन्ही तीक्ष्ण दिलेत. इथे टेक्सासमध्ये घरावरून रोज जाणारं टर्की व्हल्चर खरंच वासावर शोधतं. दाट झाडीखाली झाकलेलं मेलेलं जनावरही त्याला सापडतं. गॅसला वास यावा म्हणून जे मर्कॅप्टन मिसळतात ते कुजणाऱ्या मांसातूनही निघतं, त्यामुळे इथल्या गॅस कंपन्यांच्या माणसांनी पाइपलाइन कुठे फुटली आहे ते या पक्ष्यांवरून ओळखल्याचं नोंदलेलं आहे.

आपल्याकडची गिधाडं मात्र नजरेवर चालतात. दोघं दिसायला सारखी असली तरी कुळं वेगळी. म्हणजे विसाचा_फासा, तुमचं जग दख्खनसारखं असेल तर वासाचा फायदा काढून टाका. त्याचा परिणाम मोठा आहे : जंगलात, गुहेत, छपराखाली, चादरीखाली पडलेलं प्रेत तुमच्या गिधाडांना दिसणार नाही. नेक्रोमॅन्सर नुसता घोंगड्या टाकत फिरला तरी त्याचं काम होईल. आणि समुद्रापलीकडच्या खंडात वासाची गिधाडं ठेवा, तिथे हीच युक्ती फसेल. पार्टीला तिथे जायला कारण मिळतं.

ढालकरींसाठी : इथलं काळं गिधाड, ब्लॅक व्हल्चर, कधीकधी नवजात वासरांवर हल्ला करतं. गुराखी त्याने हैराण असतात. म्हणजे हल्ला करणारं गिधाड अगदीच खोटं नाही, फक्त प्रत्येक जात तशी नसते.

नवखी

मी अजून एकही कॅम्पेन पूर्ण खेळलेली नाही, पण एक शंका आहे. गिधाडं मांस खातात, हाडं राहतात. मग झोंबी नाही झाला तरी सांगाडा उठेलच ना?

विसाचा_फासा

नवखी, अगदी नेमकं. इथेच अडलोय.

कडेकपारी

त्याचं उत्तर हिमालयात आहे. दाढीवालं गिधाड. याचं मुख्य अन्नच हाडं. छोटी हाडं गिळतं, मोठी उंच नेऊन खडकावर टाकतं, फुटेपर्यंत पुन्हा पुन्हा टाकतं, मग तुकडे खातं. पोटातलं आम्ल इतकं तीव्र की हाड विरघळतं. शिवाय हे लोहयुक्त लाल मातीत अंग माखून घेतं, मूळची पांढुरकी पिसं गंजाच्या रंगाची होतात. फँटसी जगासाठी यात एक अक्षर वाढवायची गरज नाही.

सगळ्या जातींची साखळीच मांडा. राज गिधाडासारखी जाड चोचीची जात चिवट कातडं फाडते. मग लांब चोचीची आणि पांढऱ्या पाठीची झुंडीने येतात, मान आत घालून मऊ भाग संपवतात. मोठी झुंड असेल तर म्हैससुद्धा फार वेळ टिकत नाही. पांढरं गिधाड कडेला उरलेलं वेचतं. आणि शेवटी हाडं खाणारा. यातली एक कडी तुटली तरी नेक्रोमॅन्सरला काहीतरी उरतंच. पठारावर पहिल्या तीन आहेत आणि चौथी फक्त उत्तरेच्या बर्फाळ डोंगरांत, असं ठेवलंत तर पठारावर झोंबी दुर्मीळ आणि सांगाडे भरपूर. जगाचा भूगोलच राक्षसांची यादी ठरवेल.

विसाचा_फासा

हे घेतलं! आणि आता उलट बाजूही दिसतेय. रेझ डेडने माणूस उठवायचा तर मरून दहा दिवसांच्या आत आणि शरीर धड असावं लागतं. जगायला आवश्यक अवयव नसेल, डोकं नसेल, तर मंत्र लागू पडत नाही. स्पीक विथ डेडला प्रेताला तोंड असावं लागतं. म्हणजे पार्टीतला कोणी कड्यावरून पडून मेला आणि बाकीचे खाली पोहोचेपर्यंत दुपार झाली, तर गिधाडं हेच संकट. दुष्टावा कुठेच नाही, फक्त घड्याळ चालू आहे. ढालकरी, ही घ्या तुमची लढाई : मित्राच्या प्रेताभोवती उभं राहून, एकही पक्षी न मारता, क्लेरिक (मंत्र जाणणारा पुजारी) येईपर्यंत झुंड थोपवायची. मारलीत तर गाव तुमच्या विरोधात.

ढालकरी

हे मात्र खेळायला आवडेल. ढकलणं, आवाज करणं, मशाली, जाळी. फायटरला तलवार म्यान करून लढायला लावणारा प्रसंग मला आजवर कोणत्याच डीएमने दिलेला नाही.

जुनी_पोथी

दोन आयते प्रसंग आपल्याच घरात आहेत, ते विसरू नका.

जटायू सगळ्यांना ठाऊक. इगतपुरीजवळ सर्वतीर्थ टाकेदला त्याची कथा आजही सांगतात. पण डीएमच्या कामाचा आहे तो त्याचा थोरला भाऊ संपाती. किष्किंधाकांडात वानर शोध लागत नाही म्हणून समुद्रकाठी अन्नपाणी सोडून बसतात. गुहेतून एक पंख जळालेलं म्हातारं गिधाड बाहेर येतं आणि आयतं अन्न चालून आलं म्हणून आनंदतं. वानर घाबरतात. बोलता बोलता अंगदाच्या तोंडून जटायूचं नाव निघतं आणि सगळा प्रसंग फिरतो. भावाला उन्हापासून झाकताना ज्याचे पंख जळाले तो हा. त्याची नजर शंभर योजनं पार करून लंकेतली सीता बघते. आधी धोका, मग नातं, मग सगळ्यात मोलाची बातमी. पार्टीने बोलायच्या आधी बाण मारला असता तर रामायण तिथेच थांबलं असतं.

दुसरा प्रसंग शांतिपर्वातला, गृध्र-गोमायू संवाद. भीष्म युधिष्ठिराला सांगतात. एकुलतं एक मूल गेलंय, नातेवाईक त्याला स्मशानात घेऊन आलेत. गिधाड म्हणतं, गेलेला परत येत नाही, सूर्य मावळायच्या आत घरी जा. लोक उठतात. कोल्हा म्हणतो, इतकी कशी आटली तुमची माया, अजून ऊन आहे, थांबा, कदाचित जगेल. लोक बसतात. पुन्हा गिधाड, पुन्हा कोल्हा. दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं. पण गिधाड खातं दिवसा, कोल्हा रात्री, आणि दोघंही भुकेले आहेत. शेवटी शंकर प्रसन्न होतात, मूल उठतं, आणि गिधाड-कोल्ह्यालाही भूक शमण्याचा वर मिळतो.

हा प्रसंग जसाच्या तसा टेबलावर ठेवा. दोन बोलणारे प्राणी, इनसाइटचा (समोरच्याचं मन ओळखायचा) फासा कितीही चांगला पडला तरी एकही वाक्य खोटं सापडणार नाही. हेतू मात्र दोघांचाही स्वतःच्या पोटाचा. मला यात गिधाडाचा अपमान दिसत नाही. ते भुकेलं आहे आणि शहाणंही आहे, आणि कथेने त्याला उपाशी परत पाठवलेलं नाही.

गिरगावकर

एक विनंती. गिधाडांना प्रेत देणारी संस्कृती दाखवायची झाली तर फार जपून. मुंबईत मलबार हिलवर डुंगरवाडीत पारशी समाजाचे दखमे आहेत, म्हणजे प्रेतं गिधाडांसाठी उघड्यावर ठेवायचे बुरुज. माती, पाणी आणि अग्नी अपवित्र होऊ नये ही त्यामागची श्रद्धा. गिधाडं नाहीशी झाल्यावर तिथे सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रं बसवावी लागली, आणि समाजात त्यावरून खोल वेदनेने चर्चा झाली. तिबेटमध्येही अशी प्रथा आहे. ही जिवंत माणसांची श्रद्धा आहे. तिचा बुरुज उचलून त्यात भुतं सोडली तर ते वाईट दिसेल.

तुमच्या जगातल्या लोकांना त्यांची स्वतःची रीत द्या. नेक्रोमॅन्सरच्या भीतीतून आलेली रीत वेगळीच असेल. उदाहरणार्थ, सैनिक लढाईला जाताना गळ्यातला ताईत काढून आईकडे देतो, कारण पक्ष्याच्या घशात धातू अडकू नये.

विसाचा_फासा

गिरगावकर, मान्य, आणि ताईताची रीत घेतो. माझ्या नकाशावर असाच एक बुरुज होता, तो काढून टाकतोय. त्या जागी उघडा कातळ, 'वाढणीचा सडा' म्हणू.

आता मूळ प्रश्नाकडे. गिधाडं नाहीशी कशाने होतात? सध्या डोक्यात आहे की नेक्रोमॅन्सर प्रेतांवर विष घालतो.

गोठ्यातला_डॉक्टर

जनावरांचा डॉक्टर आहे. हा खेळ खेळत नाही, मुलगा खेळतो, त्याने हा धागा दाखवला. विष घालणारा खलनायक आणू नका, असं मनापासून सांगतो. प्रत्यक्षात जे घडलं ते त्याहून जड आहे.

गाय पायाने लंगडते, बैलाला उठवत नाही, म्हैस ताप काढते. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध स्वस्त होतं आणि गुण लगेच येत होता. शेतकऱ्याचं जनावर दुसऱ्या दिवशी उभं राहायचं. यात कोणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं. त्यातलं एखादं जनावर तरीही मरायचं, नेहमीप्रमाणे गावाबाहेर टाकलं जायचं, गिधाडं खायची. त्यांच्या मूत्रपिंडाला ते औषध झेपत नाही. युरिक ॲसिडचे पांढरे कण आतल्या अवयवांवर साचतात आणि काही दिवसांत पक्षी मान टाकतो. कारण शोधणाऱ्यांनी आधी साथीचा रोग समजून शोध घेतला. 2004 मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी डायक्लोफेनॅक हे कारण प्रसिद्ध केलं. 2006 मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात 99.9 टक्के कमी झाली.

याहून हादरवणारी गोष्ट : एवढा संहार व्हायला सगळी मेलेली जनावरं विषारी असायची गरज नव्हती. शंभरात एकाहून कमी जनावरात औषध असलं तरी पुरे होतं, कारण एका जनावरावर अख्खी झुंड बसते. कडेकपारींनी जे जाळं सांगितलं, एक उतरलं की सगळी उतरतात, तेच त्यांच्या जिवावर उठलं.

आणि पुढे? जनावरं कुजत पडली, भटकी कुत्री वाढली, पाणी नासलं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने 2000 ते 2005 या काळात यामुळे भारतात सुमारे 5 लाख जास्तीचे मानवी मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. तुमच्या खेळातल्या झोंबींची गरज पडली नाही.

विसाचा_फासा

डॉक्टरसाहेब, हे वाचून सगळा आराखडा बदलला.

नियमातलं हीलिंग पोशन 50 सुवर्णनाण्यांचं, शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर. समजा पठारावरच्या एका मंदिराने बैलांसाठी स्वस्त काढा शोधला. नांगरणीच्या दिवसांत घरोघर वाटला. पीक वाढलं, मंदिराचं नाव झालं, लोक त्या क्लेरिकांना देव मानतात. आणि चार उन्हाळ्यांनंतर आकाश रिकामं. नेक्रोमॅन्सर आहे, पण त्याने काहीच केलेलं नाही. त्याला फक्त सगळ्यांच्या आधी कळलं.

ढालकरी

मग शेवटची लढाई कोणाशी? नेक्रोमॅन्सरला मारून गिधाडं परत येणार नाहीत. आणि मंदिरावर हल्ला करायला कोणी तयार होणार नाही.

ऑस्टिनकर

तेच तर चांगलं आहे. नेक्रोमॅन्सरला मारून वेळ मिळेल, उत्तर मिळणार नाही. त्याने काढ्याची शिफारस करणारी पत्रं लिहिली असतील, मंदिराला देणग्याही दिल्या असतील. उघड आणि कायदेशीर. पार्टीला पुरावा गोळा करून पटवावं लागेल.

जुनी_पोथी

मला इथे जरा वेगळं वाटतं. महंताला काहीच माहीत नव्हतं असं ठेवलंत तर तो बिचारा होऊन बसतो. पहिल्या वर्षी एका साधकाने कड्याखाली मेलेली गिधाडं पाहिली, महंताला सांगितलं, आणि तो म्हणाला, "नांगरणी होऊ दे, मग बघू." इतकं पुरे. उपाशी संसार बैल ओढतोय हे त्याच्या डोळ्यांसमोर होतं, कडा नव्हता.

गोठ्यातला_डॉक्टर

पर्यायी औषधाचा भाग वगळू नका. नुसती बंदी घातली की लोक चोरून वापरतात, कारण जनावराचं दुखणं खरं असतं. मेलॉक्सिकॅम हे दुसरं औषध गिधाडांवर तपासून सुरक्षित ठरलं म्हणून सांगायला काहीतरी हाती आलं. तुमच्या पार्टीलाही दुसरा काढा शोधावा लागेल आणि तो पक्ष्यांना बाधत नाही हे दाखवावं लागेल. कशावर दाखवणार? जे थोडे उरलेत त्यांच्यावरच. एखाद्या सत्राचा निर्णय तिथे आहे.

पिंजोरला हरियाणात गिधाडांची पैदास केंद्रात होते, तिथली पिल्लं पुढे मोकळी सोडली जातात. गडचिरोलीत गिधाडांसाठी तपासलेली मेलेली जनावरं ठरावीक जागी ठेवतात. तुमचा वाढणीचा सडा तोच समजा.

नवखी

विसाचा_फासा, गटात जागा असेल तर मला या मंदिराची क्लेरिक खेळायची आहे. पहिल्या सत्रात मी स्वतः गावोगाव काढा वाटत असेन आणि माझ्या हाताने बरे झालेले बैल असतील. कारण काय आहे हे मला खेळाडू म्हणून आता माहीत आहे, पण माझ्या पात्राला नाही, आणि ते मी पाळेन. महंताला सांगणारी ती साधक मीच असेन का, हे मात्र तुम्ही ठरवा.

विसाचा_फासा

जागा आहे. आणि ती साधक तुम्हीच. काय पाहिलं होतं आणि पुढे गप्प का राहिलात, हे पार्श्वभूमीत तुम्ही लिहा, मी बदलणार नाही.

डॉक्टरसाहेब, एक शेवटचा प्रश्न. पार्टीला सुगावा कसा लागेल? काढा प्यायलेलं प्रत्येक जनावर घातक धरलं तर कोडं फार सोपं होतं.

गोठ्यातला_डॉक्टर

तसं नसतंच. जिवंत जनावराच्या शरीरातून औषध थोड्याच दिवसांत निघून जातं. औषध दिल्यावर लगेचच जे मरतं तेच घातक. म्हणून गोंधळ होतो : एकाच गोठ्यातला एक बैल खाऊन पक्षी ठणठणीत, दुसरा खाऊन झुंड संपली. पार्टीने मालकाला जनावर कधी मेलं हे विचारून भागणार नाही. शेवटचा काढा कधी पाजला, हे विचारायला हवं. आणि मेलेला पक्षी उघडून बघायची हिंमत कोणीतरी करायला हवी, आतले पांढरे कण डोळ्यांना दिसतात.

विसाचा_फासा

मग मेडिसिनच्या फाशाला या कॅम्पेनमध्ये पहिल्यांदाच किंमत येणार. पुढच्या रविवारी पात्रं तयार करायला बसतोय. ढालकरी, तुम्ही पुण्यात असाल तर या, जाळी घेऊन लढणारा फायटर हवाच आहे.